मुखपत्राचे धैर्य कोणाच्या जिवावर?

चळवळीचे मुखपत्र म्हणजे नेत्याच्या शब्दाला शब्द जोडणारे पत्रक, अशी आपली समजूत असते. सत्यशोधक समाजाचे मुखपत्र म्हणून ओळखल्या गेलेल्या 'दीनबंधु'चा इतिहास या समजुतीला छेद देतो.

निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, असे सांगत जोतीराव फुले यांनी १८७३ साली हा समाज स्थापन केला. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला. समाजाचे विचार त्यातून खेडोपाडी जात होते. पण पत्राचा भार मात्र एकट्या संपादकाच्या खांद्यावर होता. आर्थिक ओढाताणीत भालेकर थकले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत हाती घेतले.

खरी कसोटी लागली ती १८८३ साली. 'शेतकऱ्याचा असूड' या जोतीरावांच्या ग्रंथाचा आरंभीचा भाग 'दीनबंधु'त आला आणि पुढचा भाग छापणे थांबले. भटशाहीबरोबर गोऱ्या अंमलदारांवरही हा असूड ओढलेला होता, आणि १८७८ च्या देशी वृत्तपत्रांविषयीच्या कायद्याची आठवण अजून ताजी होती. जोतीरावांनी आपल्याच माणसांच्या या भित्रेपणावर कोरडे ओढले.

लोखंड्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्याच झुंजीमुळे. असा मनुष्य भेकड कसा म्हणावा? तरीही शेतकऱ्याची कैफियत अर्ध्यावर तुटली, हे सत्य कामगारांवरील उपकाराने पुसले जात नाही. त्या शेतकऱ्याला बोलावयास दुसरे पत्र नव्हते.

दोष एका व्यक्तीचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. संपादकाने निर्भय असावे असे चळवळीला वाटते. मात्र छापखान्याचे देणे, कागदाचा खर्च आणि खटल्याची धास्ती ती त्याच्या एकट्याच्या माथी मारते. धैर्यालाही किंमत पडते. ती वर्गणीदारांनी आणि कार्यकर्त्यांनी वाटून घेतली नाही, तर सर्वांत कडवट सत्यच प्रथम गाळले जाते. 'दीनबंधु'चा गौरव करणाऱ्यांनी आपल्या पत्राची वर्गणी भरली आहे काय, हेही एकदा तपासून पाहावे.