ज्युरी ‘इज’ की ज्युरी ‘आर’?

नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता फुटतो, त्या जाम चौफुलीवर मी दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. चाचणीच्या उत्तरपत्रिका हातात आल्या की एक लाल फुली हमखास दिसते. परवाचंच वाक्य: ‘द ज्युरी ... डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स.’ रिकाम्या जागी मुलीने ‘आर’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘इज’ केलं आणि अर्धा गुण कापला. शेजारचा ‘देअर’ त्यांना दिसलाच नाही. ज्युरीतल्या मंडळींचं एकमत नाही, म्हणून ‘आर’. पिढ्यान्‌पिढ्या घोकलेला रेन अँड मार्टिनही तेच सांगतो: समूह एक म्हणून वागला तर एकवचन, त्यातली माणसं वेगवेगळी वागली तर अनेकवचन.

ही फुली येते ‘समूहवाचक नाम म्हणजे एकवचन’ या पाठांतरातून. मराठीत ते बरंचसं खपून जातं. वऱ्हाड निघालं, वऱ्हाड जेवलं. माणसं दोनशे असली तरी क्रियापद एकवचनीच. माणसं सुटी दाखवायची तर आपण नाम बदलतो, ‘वऱ्हाडी रुसले’ म्हणतो. इंग्रजी नाम तेच ठेवते, क्रियापद बदलते. ‘पोलीस’चं मात्र वेगळं. मराठीत पोलीस आले, इंग्रजीतही ‘पोलीस आर’. पण हिंदी बातम्यांतली ‘पुलिस आई’ ऐकून आमच्याकडची मुलं ‘पोलीस इज’ लिहितात. तिथे खुशाल फुली मारा.

इंग्रजांची रीत तरी कुठे एक आहे? ब्रिटनमध्ये ‘द टीम आर’ सर्रास चालतं, अमेरिकेचा कल ‘इज’कडे. त्याच अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृह आपला अध्यक्ष निवडतं तिथे ‘देअर’ आहे आणि सभागृह कामकाजाची नोंद ठेवतं तिथे ‘इट्स’. क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर’ तर आपण नेहमीच ऐकतो.

तेव्हा शिक्षकांनी एवढं करावं. वाक्यातच अर्थ ठरत असेल तर त्याप्रमाणे तपासावं. ‘द टीम ... प्लेइंग वेल’ असं मोघम वाक्य असेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत. मुलांना मी सांगतो, शंका आली तर ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी आर’ लिहून मोकळे व्हा. अर्धा गुण म्हणजे काही फार नाही. पण बरोबर लिहिलेलं चूक ठरलं की पुढच्या वेळी मूल वाक्य वाचत नाही, नियम आठवत बसतं.