ही माती सावलीत वाळवू नका

शेतातल्या मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे आपल्याकडे बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात बसलेलं आहे. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोलीचे खड्डे, सगळी माती गोणपाटावर एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. नत्र, स्फुरद, पालाशसाठी ही रीत चोख आहे. पेट्रोल मुरलेल्या जागेवर तीच वापरली, तर बेंझिन कालवतानाच उडू लागतं आणि वाळवताना उरलंसुरलं जातं. हे बेंझिन माणसात कर्करोग घडवणारं म्हणून सिद्ध झालेलं रसायन आहे. अहवालात मात्र ते ‘आढळले नाही’ असं छापून येतं.

म्हणून अशा जागी नमुना वेगळ्या पद्धतीने घेतात. नळी जमिनीत ठोकून मातीचा अखंड गाभा वर काढतात. त्याच्या तुकड्यांतली थोडी माती पिशवीत बंद करून, आत जमलेली वाफ मीटरने मोजतात. जिथे आकडा चढतो, तिथल्या न हाताळलेल्या मातीतून सिरिंजसारख्या नळीने सुमारे 5 ग्रॅम माती काढून थेट मिथेनॉलच्या बाटलीत सोडतात. बाटली लगेच बर्फात, 4 अंशांच्या आसपास. डिझेल एवढ्या चटकन उडत नाही, त्यासाठी काचेची बरणी चालते. 2000 सालाआधीपासूनचा पंप असेल, तर शिसंही तपासायला हवं, कारण तोवर आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल विकलं जात होतं.

खोलीचा प्रश्न त्याहून अवघड. पेट्रोल पाण्याहून हलकं. ते मुरत मुरत भूजलापर्यंत जातं आणि त्यावर तरंगत पसरतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेही उतरतं, पावसाळ्यात पाण्याबरोबर चढतं, आणि या ये-जा करण्यात मातीचा एक पट्टाच्या पट्टा माखून ठेवतं. नमुना त्या पट्ट्यातून हवा. वरच्या दोन फुटांची माती स्वच्छ निघाली, तर एवढंच कळतं की वरचे दोन फूट स्वच्छ आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात तर आणखी पेच आहे: मुरुमाखालच्या भेगांतून इंधन कुठे वळेल याचा नेम नाही. एक बोअर कोरडं, स्वच्छ, आणि दहा पावलांवर वास मारणारं, असं होऊ शकतं. एकाच बोअरवर दिलेला निर्वाळा मला म्हणूनच मान्य नाही.

2013 मध्ये उत्तर चेन्नईतल्या तोंडियारपेटच्या रहिवाशांना बोअरवेलच्या पाण्यात तेल दिसलं. बंदरातून साठवण केंद्राकडे इंधन नेणारी जमिनीखालची वाहिनी गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. गळती जमिनीत असताना ती लोकांच्या बादलीत यावी लागली, हे मला अजून सलतं.

2025 च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी नियम अधिसूचित केले, हे चांगलं झालं. पण नियम अखेर कुणाच्या तरी हातातल्या बाटलीपाशी येऊन थांबतात. म्हणून आपल्या वस्तीजवळच्या जागेचा अहवाल हाती आला, तर निष्कर्षाच्या पानाआधी नमुन्याचं पान उघडा. किती खोलीवरून, कोणत्या महिन्यात, मिथेनॉलमध्ये की पिशवीत, किती तासांनी प्रयोगशाळेत, आणि ‘आढळले नाही’ म्हणजे उपकरण किमान किती मोजू शकत होतं? ही माहिती त्या पानावर नसेल, तर लेखी मागा.

आणि जुना पंप बंद होऊन टाक्या उपसल्या जात असतील, तर त्याच आठवड्यात विचारा. तेव्हा खड्ड्याचा तळ आणि भिंती उघड्या असतात, तिथली माती थेट हाती लागते. मुरूम भरून वर काँक्रीट पडलं, की त्याच मातीसाठी पुन्हा यंत्र आणावं लागतं, आणि तोवर वर राहायला आलेली कुटुंबं त्या मातीतून वर येणारी वाफ श्वासात घेत असतील.