तीस वर्षं न उघडणारा पंख

परवा शनिवारी आमच्या हँगरमध्ये मतदान झालं. विषय : टायगर मॉथच्या पंखांवर कापड कुठलं चढवायचं, लिनन की पॉलिस्टर? निकाल सात विरुद्ध दोन. त्या दोघांपैकी एक मी. हरलेल्या माणसाने चहा पिऊन गप्प घरी जावं असा इथला रिवाज आहे. मी चहा प्यायलो, घरी आलो आणि गप्प बसायचं सोडून हे लिहायला बसलो :)

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑनसाइटच्या निमित्ताने मी मिल्टन कीन्सला आलो. पहिल्या हिवाळ्यात घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा एका सहकाऱ्याने बेडफर्डशरमधल्या एका गवताच्या धावपट्टीवर नेलं. तिथे काही लोक मिळून एक जुनं विमान जिवंत ठेवतात. मला उडवता येत नाही. मी सँडपेपर मारतो, सुईत दोरा ओवतो, किटली लावतो. अडीच वर्षं दर शनिवारी हेच चाललंय. त्यामुळे मतदानाचा हक्क मिळाला, एवढीच माझी पात्रता.

टायगर मॉथ म्हणजे डी हॅविलंडचं दोन मजली पंखांचं प्रशिक्षण विमान. २६ ऑक्टोबर १९३१ला पहिल्यांदा उडालं, नंतर ८,०००हून जास्त बनली. आपल्या हवाई दलातल्या एका आख्ख्या पिढीने यावर धडे गिरवले. हवाई दलाने एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१२च्या वायुसेना दिनाला हिंडनवर उडवलं, तेव्हा टीव्हीवर बघून मी शिट्टी मारली होती. असो.

तर या विमानाचा पंख म्हणजे स्प्रूस लाकडाचा सांगाडा. दोन लांब तुळया, म्हणजे स्पार, आणि त्यांना आडव्या बारीक फासळ्या. त्यावर कापड. आपण पतंगाला कागद चिकटवतो त्याच जातीचं काम, फक्त यावर माणूस बसून उडतो. कापड प्रत्येक फासळीला मेण लावलेल्या दोऱ्याने, लांब सुईने, गाठी मारत शिवायचं. शिवणीवर कातरलेल्या कडांच्या पट्ट्या चिकटवायच्या. मग डोप.

डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेलं एक प्रकारचं व्हार्निश. लिनन आणि सुती कापड आधी जरा सैलसर चढवतात, डोप वाळताना ते आवळून ढोलकीसारखं ताठ करतो. शेवटच्या थरांत ॲल्युमिनियमची पूड घालतात, कारण उन्हातली अतिनील किरणं कापडाचा जीव घेतात. एवढं करूनही विमान उघड्यावर राहिलं तर सात-आठ वर्षांत, हँगरमध्ये राहिलं तर त्याहून बऱ्याच उशिरा, पण कधी ना कधी हे कापड फाडून नवं चढवावंच लागतं.

पॉलिस्टरचं तसं नाही. ते इस्त्रीने आवळतं. खरंच, इस्त्रीने! थर्मामीटर लावून तपासलेली इस्त्री, शेवटचा हात ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस. ते कुजत नाही, त्याला बुरशी खात नाही. वर रंगाचा थर नीट असेल तर वीस-तीस वर्षं आरामात. आमच्या सात जणांचा मुद्दा एवढाच होता : "एकदा करा आणि तीस वर्षं विसरा."

माझं भांडण त्या 'विसरा'शी आहे.

गेल्या वसंतात आमच्या विमानाच्या कापडाची ताकद तपासली होती. त्यासाठी स्प्रिंगचं एक टोचणी-यंत्र असतं. पंखांवर ठिकठिकाणी टोचून बघितलं, सगळीकडे पास. सप्टेंबरमध्ये खालच्या डाव्या पंखाला हँगरच्या दाराची कड लागून हातभर फाटलं. तेवढंच ठिगळ लावायचं ठरलं होतं. पण आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, निवृत्त सुतार, म्हणाले की उघडलंच आहे तर आणखी थोडं उघडू. थोडं थोडं करत पंखाच्या मुळापर्यंत गेलो. तिथे मागच्या स्पारजवळ फासळीचा एक सांधा होता. आजोबांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि त्या सांध्यात सरकवलं. कार्ड अर्धं आत गेलं. पुढचा सांधा, तिथेही गेलं. कोणी काही बोललं नाही. दहाच दिवसांपूर्वी त्याच पंखाखाली एक सतरा वर्षांचा मुलगा वाढदिवसाची फेरी मारून आला होता, हसत.

कापड पास होतं. नापास गोंद होता.

त्या काळच्या लाकडी विमानांत बऱ्याच ठिकाणी केसीन गोंद असे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. कोरडा असेपर्यंत उत्तम. ओल लागली की बुरशीला मेजवानी. आणि पंखात ओल येतेच. थंडीत आतल्या हवेचं पाणी होऊन मागच्या कडेला साठतं. त्यासाठी खाली भोकं ठेवलेली असतात, गवतावर उतरताना उडणाऱ्या चिखलाने ती बुजतात. बाहेरून मात्र पंख चकचकीत. ताकदीची चाचणी कापडाला प्रश्न विचारते आणि कापड आपल्यापुरतं खरं उत्तर देतं.

आता जरा कोकणात येऊ. राजापूरजवळ माझं आजोळ आहे. नळ्याच्या कौलांचं घर. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायला दोन गडी यायचे. कौलं काढायची, फुटकी बाजूला, चांगली परत बसवायची. आजी वैतागायची, घरभर धूळ, जेवणाचे हाल, गड्यांची मजुरी. पण कौलं निघाली की वासे उघडे पडायचे. वाळवीची माती दिसली की तो वासा त्याच आठवड्यात बदलायचा. ही काही कुणी ठरवून लावलेली तपासणी नव्हती. कौलं गळायची म्हणून ती आपोआप होत होती.

मग मामाने पत्रे घातले. पत्रे गळत नाहीत. मामा खूश, आजी त्याहून खूश. चौदा वर्षांनी गणपतीची आरास काढायला मामा माळ्यावर चढला आणि आधाराला धरलेला वासा मुठीत बिस्किटासारखा कुस्करला. मामा ओटीवर आला तो आडवाच. मनगटावर निभावलं. "माळ्यावरून दिसत होतं की रे सगळं," तो नंतर म्हणाला. दिसत होतंच. पण बघायला जायचं कारण कुठे उरलं होतं?

लिननचं कमी आयुष्य हा दोष आहे असं आपण धरून चालतो. मी म्हणतो तो दोष आहेच, पण त्या दोषाच्या पोटात एक कॅलेंडर दडलेलं होतं. दर दहा-बारा वर्षांनी कुणाला ना कुणाला तो पंख पूर्ण उघडावा लागायचा. पॉलिस्टरने दोष काढला, चांगलं केलं. सोबत कॅलेंडरही गेलं, आणि त्या जागी दुसरं काही ठेवायचं कोणाला सुचलं नाही. आपल्या धंद्यातले लोक हे लगेच ओळखतील. पाच-पाच वर्षं रीस्टार्ट न झालेल्या सर्व्हरचा अपटाइम मिरवणारे महाभाग आपण पाहिलेत, आणि एका रात्री वीज गेल्यावर तो सर्व्हर परत उठेना तेव्हाचे त्यांचे चेहरेही पाहिलेत.

गंमत म्हणजे ताकदीचे आकडेसुद्धा या विस्मरणाला मदत करतात. अमेरिकन नियमांत अ दर्जाचं सुती कापड नवं असताना इंचाला ८० पौंड ताण सोसतं, ५६च्या खाली गेलं की बाद. त्याच विमानावर जड पॉलिस्टर चढवलं तर सुरुवातच जवळपास दीडपट ताकदीने होते, आणि बाद व्हायची रेषा तीच ५६. म्हणजे धोक्याची घंटा वाजायला आणखी किती वर्षं जाणार, करा हिशोब. तोवर आतल्या गोंदाचं काय होईल?

आता माझ्या बाजूच्या दुसऱ्या मताबद्दल. ते मत ज्यांचं होतं त्यांच्याशीही माझं जमत नाही. त्यांना लिनन हवं कारण 'तेव्हा तेच होतं'. हा निव्वळ सोवळेपणा झाला. 'तेव्हा' पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमधल्या कारखान्यांत डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असायचं. त्याच्या वाफांनी कामगारांना विषारी कावीळ झाली, काहीजण मेले. तेही आणायचं का परत? नायट्रेट डोप काडीसरशी भडकतो, तोही अस्सलच म्हणायचा. विमान उडायला आहे, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून जुहूला आणलेल्या पस मॉथवरही कापडच होतं. त्यांना उद्या टिकाऊ कापड कुणी दिलं असतं तर त्यांनी ते आनंदाने घेतलं असतं, यात मला शंका नाही. टपाल पोचवायचं होतं त्यांना.

पंखाचं लाकूड नवं असतं, सांधे आजच्या इपॉक्सीने जोडलेले असते, तर मीही पॉलिस्टरलाच हात वर केला असता. पण आमच्या पंखातलं लाकूड ऐंशीच्या पुढचं आहे. कुठला सांधा कधी परत चिकटवला, कोणत्या गोंदाने, याची नोंद अर्धवट आहे. अशा पंखाला तीस वर्षांचं झाकण घालणं मला पटत नाही.

"अरे, तपासणीच्या गोल खिडक्या ठेवू, कॅमेऱ्याची नळी आत घालू," असं मला सांगण्यात आलं. जरूर ठेवा. पण कॅमेऱ्याला सांध्याचा वरचा पृष्ठभाग दिसतो. सांधा धरून आहे की नुसता टेकलाय, हे दाबून, ठोकून, पाती सरकवून कळतं. आणि जी गोष्ट 'करता येते' पण केलीच पाहिजे असं नाही, ती किती वेळा होते हे मला विचारू नका. माझ्या कोडमध्ये पहिल्या वर्षापासूनचे 'नंतर बघू' शेरे अजून तसेच आहेत.

खर्चाचा मुद्दाही झाला. कापडाची किंमत या कामात त्यामानाने फुटकळ. खरा खर्च हातांचा, शेकडो तासांचा. ते तास दर बारा वर्षांनी द्यायला आपण तयार नाही, हे सरळ म्हणा, मी मान्य करीन. आमच्यात बहुतेकजण साठीपार आहेत, खांदे दुखतात. हे कारण प्रामाणिक आहे. 'पॉलिस्टर जास्त सुरक्षित' हे नाही.

हरल्यावर मी एक दुरुस्ती मांडली. पॉलिस्टर चालेल, पण लॉगबुकात आजच तारीख टाकूया : बारा वर्षांनी कापड कितीही ठणठणीत असलं तरी खालचे दोन्ही पंख पूर्ण उघडायचे. चांगलं कापड फाडायचं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू मी कुणाचं नवं धोतर फाडा म्हणतोय. पाच विरुद्ध चार. पुन्हा हरलो, पण दोनाचे चार झाले. चौथा हात आजोबांचा होता, सकाळी पॉलिस्टरला वर गेलेला तोच. त्यांच्या दुसऱ्या हातात ते व्हिजिटिंग कार्ड होतं.

पुढच्या शनिवारी वरच्या उजव्या पंखाचं कापड उतरवायचंय. सुरी मीच नेणार आहे, कार्डंही.