उशिरा फुटलेला सुरुंग

रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर वसईला वेढा पडला. थर्माकोलचा तट, कंपासपेटीएवढा सेंट सेबॅस्टियन बुरूज, बोटाच्या पेराएवढे शिपाई. तीन बाजूंना पाणी म्हणून निळा कागद. हल्ल्याला वाट काय ती जमिनीकडूनच. भाचा पोर्तुगीज, मी मराठे. सुरुंगाला बत्ती दिली की फासा टाकायचा; पाच किंवा सहा पडले, तर वात रखडली. पहिला सुरुंग झकास उडाला, खिंडार पडलं आणि मी हौसेनं सगळी फौज आत लोटली. दुसरा रखडलेला होता, तो पुढच्या डावात माझ्याच माणसांखाली फुटला. मी नियमांवर करवादलो. भाचा शांतपणे म्हणाला, ‘‘मामा, हा नियम १७३९च्या मे महिन्यातूनच घेतलाय.’’ खरंच होतं ते. चिमाजी अप्पांची माणसं खिंडारात चढत असताना असाच एक सुरुंग उशिरा फुटला होता. तरी हल्ला थांबला नाही आणि १६ मे रोजी किल्ल्यानं शरणागती पत्करली. वसईचा विजय आपण शाळेत एका ओळीत पाठ केला. पडलेले शिपाई बिस्किटांच्या डब्यात भरताना मात्र ती ओळ बरीच लांबली.