पाना चालेल, ग्राइंडर नको!

मराठी विभागासाठी कोणी लिहीतच नाही म्हणून संपादक मंडळाने मला पकडलं. मी पडलो कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत मराठीच्या पेपरला माझी जाम टरकायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र असा घेतलाय की ज्यावर मी झोपेतसुद्धा बडबडू शकतो. जुन्या डबल सिलिंडर बाइक्स! आणि त्यातही एकच, राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. सुरुवातीच्या मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी, नंतरच्या मॉडेलची २७. पहिलीला आजही लोक 'हाय टॉर्क' म्हणतात, दुसरीला 'लो टॉर्क'. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा घरोघरी स्कूटर होती हे लक्षात घ्या. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी ही गाडी लोकांना परवडली नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, अॅव्हरेजचं वेड लागलं आणि दशक संपता संपता आरडीचा खेळ आटोपला. म्हणजे ज्या काही गाड्या बनल्या त्या बनल्या. नवीन एकही होणार नाही. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

आता माझी गोष्ट. माझ्या मोठ्या मामाकडे १९८४ ची हाय टॉर्क आहे. आजोबांनी उसाच्या बिलातून घेऊन दिलेली. मामाने ती पाच वर्षं कोल्हापूरभर उडवली. मग १९८९ च्या पावसाळ्यात हातकणंगल्याजवळ समोर उसाची बैलगाडी आली आणि ब्रेक लागला नाही. बाहेरच्या देशात आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम दिला. ड्रममध्ये पाणी गेलं की लायनर घसरतो. मामाचा डावा गुडघा अजून नीट वाकत नाही. आजीने त्याच दिवशी गाडी गोठ्यात ढकलली आणि वर ताडपत्री टाकली.

फर्स्ट इयर संपल्यावर सुट्टीत मी ती ताडपत्री काढली. मामा म्हणाला, "घे, तुझीच समज." बस्स! माझ्या डोक्यात कॅफे रेसर होती. सिंगल सीट, मागे कुबड, खाली वाकलेलं हॅंडल, मडगार्ड गायब. फोटोत काय सॉलिड दिसतात त्या गाड्या! दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर आणला आणि सीटच्या मागे फ्रेमचा जो यू आकाराचा भाग असतो तो कापून टाकला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मामा दारात उभा होता. काही बोलला नाही, आत गेला.

खरं सांगतो, तेव्हा मला कळलंच नाही की मी काय केलंय. तो यू म्हणजे शोभेचा भाग नाही. मडगार्ड, टेललाइट, नंबरप्लेट त्याला लागते आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या तो एकत्र बांधून ठेवतो. तो काढला की दोन नळ्या मोकळ्या, हवेत! थर्ड सेमला एसओएममध्ये कॅंटिलिव्हर बीम शिकवायला लागले तेव्हा मी मागच्या बाकावर बसून घाम पुसत होतो. वहीतली आकृती डिट्टो माझ्या आरडीसारखी होती.

मग दिवाळीत शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आरं बाळ, इंजिन म्हंजे काळीज. ते दुरुस्त करता येतंय. फ्रेम म्हंजे हाड. हाड कशाला कापलंस?"

त्या मिस्त्रींकडे मी तीन सुट्ट्या काढल्या. अख्ख्या सिलॅबसमध्ये नाही तेवढं तिथे शिकलो. आरडीचं इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रॅंककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. दोन सिलिंडर, म्हणून खाली दोन वेगळे कप्पे, आणि ते सीलने बंद. डावीकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि इंजिन जाम. उजवीकडे क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा ढग! लोक काय करतात? कार्ब्युरेटर बदलतात, सायलेन्सर बदलतात. रोग मात्र दोन रबरी सीलमध्ये असतो.

क्रॅंकचंही तसंच. तो प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो. बेअरिंग बदलायला सुटा केला की परत जोडताना सरळ बसायला हवा. आपण मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये व्ही-ब्लॉक आणि डायल गेज घेऊन टाइमपास करतो ना, तेच! मिस्त्री क्रॅंक फिरवतात, काटा किती हलतो ते बघतात आणि तांब्याच्या हातोड्याने एक टोला देतात. परत बघतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब हातोड्याने! मी हे पाहिलं तेव्हा लॅबच्या जर्नलमध्ये मित्राची रीडिंग्ज उतरवल्याची पहिल्यांदा लाज वाटली.

शेवटी दोन कार्ब्युरेटर जुळवायचे. थ्रॉटल दिल्यावर दोन्हीतले स्लाइड एकाच क्षणी उचलायला हवेत, नाहीतर एक सिलिंडर कष्ट करतो आणि दुसरा त्याच्या जिवावर जगतो. (आपल्या प्रोजेक्ट ग्रुपसारखं!) मिस्त्री दोन्ही सायलेन्सरमागे दोन तळहात धरून सांगतात कुठला मागे आहे ते.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे 'रिस्टोरेशन' या शब्दाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. नवीन रंग, चकाचक क्रोम आणि फोटो म्हणजे रिस्टोरेशन नव्हे. आतलं मशीन जसं चालायला हवं होतं तसं पुन्हा चालतं करणं म्हणजे रिस्टोरेशन. ते फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

आता वादाचा मुद्दा. बाइकवाल्यांमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, कंपनीने दिलेला नटसुद्धा बदलायचा नाही. दुसरी म्हणते, माझी गाडी, माझे पैसे, तुम्ही कोण? मला दोघांचंही पटत नाही.

पहिल्या पार्टीला मी मामाचा गुडघा दाखवीन. जो ब्रेक ओरिजिनल म्हणून जपायचा त्याच ब्रेकने माणूस लंगडा झाला. आमच्या गाडीला आता पुढे डिस्क आहे. फोर्कसकट अख्खं पुढचं चाक बदललं. जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पण यासाठी फ्रेमला एकही भोक पाडलं नाही. जुना फोर्क, ड्रमचं चाक, पॉइंटची प्लेट, सगळं ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून मामाच्या माळ्यावर ठेवलंय. वाटलं तर दोन दिवसांत गाडी पुन्हा १९८४ ची होईल.

दुसऱ्या पार्टीला एवढंच सांगीन की पिस्टन, रिंग, सील अजून मिळतात, कारण आरडीचे वेडे जगभर आहेत. सिलिंडर ६४ मिलिमीटरचा असतो, तो पाव-पाव मिलिमीटरने ६५ पर्यंत बोअर करता येतो. त्यानंतर स्लीव्ह घालता येते. म्हणजे इंजिनाला चुका माफ आहेत. पण कापलेली फ्रेम आणि ठोकून आकार बदललेली टाकी कुठून आणणार? तुमचे पैसे आहेत हे मान्य. पण तुम्ही आज जो भाग भंगारात टाकाल तो उद्या ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याचाही होता.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जो बदल पान्याने होतो आणि पान्यानेच परत फिरवता येतो, तो खुशाल करा. जिथे ग्राइंडर लागतो तिथे थांबा.

यात कायद्याचीही एक गंमत आहे, बऱ्याच जणांना माहीत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. गणित करा. १९८३ ची पहिली आरडी २०३३ मध्ये पन्नास वर्षांची होते. मामाची २०३४ मध्ये. आज हौसेपोटी जो तो फ्रेम कापत सुटलाय, त्याने त्या रांगेत उभं राहण्याचा हक्कच कापून टाकलाय. गाड्यांच्या मॉडिफिकेशनबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच कान टोचलेत, ते वेगळंच.

मात्र एक तक्रार माझीही आहे. कायद्याच्या अक्षरापुढे आमचा डिस्क ब्रेकही वादात सापडू शकतो. फ्रेम कापणं आणि चांगला ब्रेक लावणं या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलू नयेत. जे परत फिरवता येतं आणि ज्याने जीव वाचतो, त्याला नियमात जागा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, टू-स्ट्रोक म्हणजे धूर, कशाला जपायची ही भानगड? बरोबर आहे, टू-स्ट्रोक रोज कॉलेजला आणायची गाडी नव्हेच. आमची महिन्यातून एखाद-दोन वेळा बाहेर पडते. पण सील ठीक असेल आणि ऑइलचा पंप मोजून ऑइल देत असेल तर धूर निम्म्याहून कमी होतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बहुतेकांनी तो पंप काढून टाकलाय आणि टाकीत अंदाजे ऑइल ओततात. मग धूर येणारच की!

असो. फ्रेमचं काय झालं ते राहिलंच. मी कापलेला तुकडा मामाने टाकला नव्हता. गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवला होता! मिस्त्रींनी आत बारीक नळी सरकवून तो पुन्हा वेल्ड केला, घासला, रंगवला. दिसत नाही. पण सीटखाली हात घातला की बोटाला तो जोड लागतो. २०३४ मध्ये कोणी तपासायला आलं तर त्यालाही लागेल. तेव्हा मी काय सांगणार? सांगीन, इंजिनिअरिंगला नुकतीच अॅडमिशन घेतली होती, काही येत नव्हतं.

तुमच्याही गावाकडे, एखाद्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असं काही उभं असेल. जरूर बाहेर काढा. फक्त आधी एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवा, आणि ग्राइंडर त्या दिवशी घरीच ठेवा.