तीन हजारांतलं चहाला कोण आलं?



गेल्या काही महिन्यांत या सदराच्या तिघाचौघा तरुण वाचकांनी साधारण एकच प्रश्न विचारला. एकाने फोटोग्राफी सुरू केली आहे, एक जण घरून केक करून विकते, एकाने मित्राबरोबर संकेतस्थळं बनवायची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. प्रश्न असा, की काम तर चांगलं आहे, पण ऑनलाइन लोक जमवायचे कसे? या प्रश्नाचं चुकीचं उत्तर घेऊन मी स्वतः दोन वर्षं बसलो होतो. त्यामुळे आज उपदेश नको, आमचीच गोष्ट सांगतो.

बेळगाव तालुक्यातल्या कडोलीत घराची पुढची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. दोन टेबलं, दोन संगणक, एक इन्व्हर्टर, आणि माणसं दोन: मी आणि माझी चुलत बहीण. छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळं करायची, हे काम. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. फोटो टाकायच्या एका अॅपवर खातं उघडलं, झुळझुळीत इंग्रजीत रोज एक पोस्ट, केलेल्या कामाचे देखणे तुकडे, रंगांच्या जोड्या, अक्षरांचे प्रयोग. दोन वर्षांत तीन हजारांवर लोक जमले. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

आमचे आबा संध्याकाळी सोप्यात बसतात. एकदा मी कौतुकानं आकडा सांगितला. आबा म्हणाले, "तीन हजार माणसं हायत म्हणतोस. त्यातलं चहाला कोण आलं काय?"

मी हसून सोडून दिलं. पुढे गणपतीच्या आधी पंधरा दिवस ‘तुमच्या खात्याविरुद्ध तक्रार आली आहे’ असा एक निरोप आला. घाईत दुवा उघडला, पासवर्ड भरला, आणि तासाभरात खातं दुसऱ्याच्या हातात गेलं. चूक पूर्ण माझी. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू करायला दोन मिनिटं लागतात, ती मी दोन वर्षांत काढली नव्हती. खातं परत मिळालं नाही.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. पगार चांगला होता. मी जवळजवळ निघालोच होतो. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, जायचं तर जा. पण मी एकटीनं काय करायचं, ते तरी सांगून जा." तिला काही तरी सांगायला हवं म्हणून आम्ही कामाची वही काढली. दोन वर्षांत सतरा कामं झाली होती. प्रत्येकापुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं, हे गिऱ्हाईक आलं कुठून. अकरा आधीच्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून. चार गूगलवर शोधून. दोन पाहुण्यांतली. त्या तीन हजारांतून एकही नाही.

तीन हजार माणसं खोटी नव्हती. ती बहुतेक आमच्यासारखेच डिझाइन करणारे होते. आम्ही त्यांच्या कामाला छान म्हणत होतो, ते आमच्या. सुतारानं फक्त सुतारांनाच खुर्ची दाखवत बसावं, तशातली गत.

मग हिशेब मांडला. दोन माणसांच्या हातून वर्षाला नीट अशी पंधरा कामं होतात. चौकशी करणाऱ्या पाचांतला एक काम देतो, असा आमचा अनुभव. म्हणजे वर्षाला पंचाहत्तर चौकश्या, महिन्याला सहा-सात. बस्स. केविन केली या अमेरिकन लेखकानं २००८ साली एक लेख लिहिला होता. एकट्या कलावंताला पोटापुरतं मिळवायला लाखो लोक लागत नाहीत, मनापासून पाठीशी उभे राहणारे हजार पुरेत, असं त्याचं म्हणणं. आमच्या धंद्यात तर हजारही नकोत. महिन्याला सात माणसांना आपला पत्ता योग्य वेळी सापडला पाहिजे.

पत्ता म्हटलं, तो मुद्दाम. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार कधी उठवावा लागेल, सांगता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस सर्वसामान्यांसाठी २ एप्रिल २०१९ ला. २९ जून २०२० ला आपल्या सरकारनं ५९ अॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. त्यावर गावोगावच्या मराठी पोरापोरींनी लाखांनी प्रेक्षक जमवले होते. एका संध्याकाळीत गेले. उलट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ‘मायबोली’ आजही त्याच नावाच्या स्वतःच्या पत्त्यावर सापडते. मोठ्या अॅपवर जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. तो बाजार आहे, बाजारात जावंच. पण परत यायला आपलं घर असावं. दुसऱ्यांना संकेतस्थळं करून देणाऱ्या आमचं स्वतःचं संकेतस्थळ एका पानाचं होतं, आणि त्यावर ‘लवकरच येत आहे’ एवढंच लिहिलेलं होतं!

नोकरीला मी सहा महिन्यांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. तरी राहिलो. मग जे केलं, ते सांगतो.

पहिलं, देखावा सोडून प्रश्न धरले. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, त्या प्रत्येक प्रश्नाचं एक पान मराठीत लिहिलं. संकेतस्थळाला खर्च किती? दरवर्षी परत पैसे कशाचे? नाव कुणाच्या नावावर नोंदवायचं? (स्वतःच्या. करून देणाऱ्याच्या नावावर कधीही नको.) फोनवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की पान रांगतं, तो दोनशे केबीच्या आत कसा आणायचा? दर बुधवारी एक पान. बुधवार चुकवायचा नाही, हा बहिणीचा नियम.

दुसरं, लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द वापरले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पण शोधणारे काही बेळगाव लिहितात, काही बेळगावी, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजी स्पेलिंगनं. एकच नाव लिहिलं असेल, तर बाकीच्यांची गाठ पडणं अवघड होतं. आम्ही सगळी रूपं पानांत नैसर्गिकपणे येतील असं लिहिलं. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट करता येते, ती वेळ, फोन आणि खऱ्या फोटोंसह पूर्ण केली.

तिसरं, भाषा. दुकानाच्या फलकावर कन्नडला ६० टक्के जागा द्यावी, असा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आहे. फलकाला जागा मोजकीच असते. संकेतस्थळावर मात्र मराठी, कन्नड, इंग्रजी तिघींना पूर्ण पान देता येतं. कुणाचंही दुसरीला अडत नाही. आमच्या भागातल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तिन्ही भाषांतलं असतं, म्हणून तेच आमचं वेगळेपण ठरलं. कन्नड पानं आम्ही कन्नड मित्राकडून लिहून घेतो, यंत्राच्या भाषांतरावर सोडत नाही. मराठी पानांना ‘ही मराठी आहे’ अशी खूण ब्राउझरसाठी घालतो. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी असतात, ही खूण असली की मराठी वळण उमटतं. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत आहेत, त्यामुळे पैशाची सबब चालत नाही.

चौथं, झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन महिन्यांनी फोन. काही विकायला नाही, "चालतंय न्हवं नीट?" एवढंच विचारायला.

पहिले चार महिने काहीच झालं नाही. पाचव्या महिन्यात पुण्याहून एका ताईचा फोन आला. त्यांच्या बाबांचं खानापूरला दुकान. बाबांना संकेतस्थळ म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण ताईंनी रात्री बसून शोधलं, आमची मराठी पानं वाचली, आणि मग बाबांना म्हणाल्या, "यांच्याशी बोला." पुढच्या महिन्यात मुंबईहून तसाच एक फोन. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शोधणारा माणूस दुकानात बसलेला नसतोच. तो गावाबाहेर स्थिरावलेला मुलगा किंवा मुलगी असते. आई-वडिलांचा व्यवसाय टिकावा अशी त्यांची इच्छा असते, आणि गावाकडचं कुणी विश्वासाचं सापडतंय का ते बघत असतात. आम्ही दोन वर्षं ज्यांच्यासाठी मांडत होतो, त्यांत हे लोक कुठंच नव्हते.

आता महिन्याला सात चौकश्या होतात का? कधी पाच, कधी नऊ. श्रीमंत झालो नाही. पण बहिणीचा पगार वेळेवर होतो, आणि पुण्याचा विषय घरात निघत नाही.

आमच्या कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. पाठोपाठ उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, कारदगा इथंही भरतात. लहानपणी मला वाटायचं, एवढी माणसं येतात कशी? आता कळतं. संमेलन दरवर्षी होणार, आपल्या भाषेत होणार, आणि गेलं की कुणी तरी ओळखीचं या-बसा म्हणणार, याची खात्री असते. गर्दी त्या खात्रीपोटी जमते. ऑनलाइन जमवायलाही दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या दोस्तांनो, या आठवड्यात एवढंच करा. आत्तापर्यंतच्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ते कुठून आलं, ते पेन्सिलीनं लिहा. वही काय सांगते ते मला कळवा.

मागच्या महिन्यात पुण्याच्या त्या ताई गावी आल्या होत्या. बाबांना घेऊन कडोलीला आल्या. आबांनी स्वतः आत जाऊन चहा सांगितला.