सूत्राला सावत्र टाइप

‘अक्षर कसेही असो, अर्थ कळला म्हणजे झाले!’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या थोर मुखांतून ऐकू येते की, त्याला आता शास्त्रवचनाची प्रतिष्ठा लाभू लागली आहे. कथा-कादंबऱ्यांपुरते ते क्षणभर सोडून देऊ. परंतु गणिताचे पुस्तक छापणाऱ्याने ते उच्चारावे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, आणि तसे स्पष्ट म्हणण्याची वेळ आली आहे.

हौसेने सजवलेले एखादे इंग्रजी गणिताचे पुस्तक उघडा. मजकूर ‘टाइम्स’ या सुपरिचित टाइपात, भरदार आणि काळाभोर. मधली सूत्रे मात्र ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ या नाजूक रेघांच्या दुसऱ्याच टाइपात. धडधाकट मंडळींच्या पंगतीत दुखणाईत पाहुणा बसवावा, तशी ती फिकी दिसतात. वाक्यातला दोनाचा आकडा एका तोंडवळ्याचा, समीकरणातला दुसऱ्याच. असे होते तरी का? संगणकाला मजकुराचा टाइप बदलण्याची एका ओळीची आज्ञा दिली की मजकूर बदलतो. सूत्रांचा टाइप वेगळ्या कोठीत असतो, तो जुनाच राहतो. त्या कोठीकडे वळून पाहण्याचे कष्ट ना लेखक घेत, ना प्रकाशक.

‘अहो, पण अर्थ तर तोच ना?’ नाही, तो नेहमी तोच राहत नाही! गणितात अक्षराचा चेहरा हाच अर्थ असतो. तिरपे अक्षर म्हणजे एखादी राशी, तेच अक्षर ठळक केले की सदिश, आणि नक्षीदार केले की बहुधा एखादा संच. म्हणून चेहरा विनाकारण बदलणे ही शुद्धलेखनाचीच चूक आहे. टाइम्सचे तिरपे ‘व्ही’ आणि ग्रीक ‘न्यू’ शेजारी ठेवून पाहा. जुळी भावंडे शोभतात. एक वेगाचे चिन्ह, दुसरे कंपनसंख्येचे. रात्री दिव्याखाली अभ्यास करणारा विद्यार्थी तेथे अडखळला, की दोष बिचाऱ्याच्या बुद्धीवर जातो. टाइपावर कधीच जात नाही. रूपात अर्थ नसतो असे म्हणणाऱ्यांनी आपल्या ‘छत्तीसच्या आकड्या’ची आठवण ठेवावी. ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली नसती, तर ही म्हण जन्मालाच आली नसती.

या बाबतीत अमेरिकेतील डोनाल्ड कनुथ यांचा आदर्श डोळ्यांपुढे आहे. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची प्रुफे आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी छापलेली, देखणी. नवी प्रुफे प्रकाशजुळणीची, आणि मनाला न पटणारी. ‘अर्थ कळतो ना’ म्हणून त्यांनी सही ठोकली नाही. त्यांनी जुळणीसाठी ‘टेक्स’ आणि अक्षरे घडवण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ अशा दोन संगणकयोजना सिद्ध केल्या. वर्षभराचे वाटलेले काम दशकभर पुरले. कॉम्प्युटर मॉडर्न त्यातूनच आला. तो वाईट टाइप नव्हे. आपल्या कुटुंबात तो शोभतो. परक्या घरी नेऊन उभा केला, की त्याचीच विटंबना होते.

पुढे रोनाल्ड ग्रॅहम व ओरेन पताश्निक यांच्यासह कनुथांनी ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ हा ग्रंथ १९८९ साली काढला. त्यातील सूत्रांसाठी जर्मन अक्षरशिल्पी हेरमान त्साफ यांचा ‘ऑयलर’ टाइप घेतला. सुंदर हस्ताक्षराच्या गणितज्ञाने फळ्यावर लिहावे, तसे त्याचे उभे वळण. त्याच्या वजनाला शोभेल असा मजकुराचा टाइप मग कनुथांनी मुद्दाम घडवला. आधी सूत्र, मग मजकूर! आपण याच्या नेमके उलट करतो.

आणि उलट करून भागत नाही, याला कारण आहे. मजकुराचे टाइप हजारोंनी मिळतात. सूत्रांचे पूर्ण टाइप मोजके. मजकुराचे तिरपे अक्षर शब्दात बसण्यासाठी घडलेले असते. सूत्रात ते एकटे उभे राहते, तेव्हा ‘एफ’चा वाकडा माथा पुढच्या कंसावर आदळतो. घातांकाचे अक्षर म्हणजे नुसते लहान केलेले अक्षर नव्हे. तसे केले तर रेघा झिजल्यासारख्या दिसतात. ते वेगळेच घडवावे लागते. त्यातच वर्गमुळे, कंस आणि संकलनाची चिन्हे निरनिराळ्या उंचींची हवीत. एवढा संसार मांडणारे कारागीर थोडेच असणार.

‘खर्च कोण करणार?’ हा शेवटचा बचाव तर आज हास्यास्पदच आहे. टेक्स विनामूल्य आहे. टाइम्सच्या घराण्यातला ‘स्टिक्स’ वैज्ञानिक प्रकाशनसंस्थांनी एकत्र येऊन करवून घेतला आणि २०१० साली सर्वांना खुला केला. त्साफ यांच्याच ‘पॅलाटिनो’च्या वळणावरचा ‘पगेला’, त्याच्या सूत्रांच्या जोडीदारासह, फुकट मिळतो. पैसा लागत नाही; लाज लागते.

मराठी पुस्तकांत तर दुखणे दुहेरी. आपले अक्षर शिरोरेषेला लोंबकळते, रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते. त्यांची उंची आणि काळेपणा हाताने जुळवावा लागतो. त्यात वाक्यात देवनागरी ५ आणि लगेच खाली समीकरणात दुसऱ्या वळणाचा पाच, असा खेळ मुलांपुढे मांडू नये. हे दुसरे वळण परके आहे अशातला भाग नाही. आपल्या संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदाने त्याला ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेच म्हटले आहे. दोन्ही आपलीच. पण एका पुस्तकात एकच चालवावे.

लग्न जुळवताना आपण छत्तीस गुण पाहतो. येथे चारच पाहायचे आहेत: काळेपणा, उंची, आकड्यांचे वळण आणि जुळ्या अक्षरांतला फरक. एका ओळीत मजकूर, सूत्र आणि आकडे छापून हातभर अंतरावरून पाहावे. सूत्र डोळ्यांत खुपले, तर ते स्थळ मोडावे. एवढेही ज्याला जमत नाही, त्याने पंचांग छापावे. पण नको! तेथेही आकडे असतात.